टिटवीच्या हद्दीत

मार्वेच्या धक्क्यावर तिकीट काढा आणि दुचाक्यांच्या गर्दीतून वाट काढत बोटीत शिरा. खाडी फार रुंद नाही, समोर मनोरीचा धक्का दिसतोच आहे. बोट सुटते, इंजिनाची थरथर तळव्यांना जाणवते, आणि मध्यावर कुठेतरी ती बंद पडते. वल्ह्यांचा आवाज यायला लागतो. दुचाक्या गेल्या. पायाशी मासळीच्या रिकाम्या टोपल्या आहेत आणि साल आहे 1900. वैशाखाचे दिवस आहेत.

सकाळी तुम्ही मालाड स्टेशनावर उतरलात आणि तिथून बैलगाडीने मार्व्याला आलात. मुंबईत 1896 पासून प्लेग ठाण मांडून आहे. ज्यांना जमलं ते शहर सोडून साष्टीतल्या गावांत येऊन राहिले आहेत. त्यामुळे होडीतल्या बायका तुमच्याकडे जरा निरखूनच बघतात: हा कोण, कुठून आला, याला ताप तर नाही? एकीने अंग चोरून बाजूला जागा केली आहे. तिचं काही चुकत नाही.

मनोरीला उतरून तुम्ही पश्चिमेकडे चालायला लागता. कौलारू घरं, ओटे, नाक्यावरचा क्रूस, विहिरीवर भांड्यांचा आवाज. वलांडीवर बोंबील सुकत घातले आहेत, त्यांचा वास कपड्यांत शिरतो. घरं संपली की ताडांची रांग, तिच्यापुढे कापणी होऊन गेलेली भातखाचरं. एका खाचराच्या कोपऱ्यात राब भाजून झाला आहे, काळी राख पसरली आहे. त्यापलीकडे खडकाळ माळ आणि माळाच्या टोकाला समुद्र. वाट माळाला वळसा घालून जाते. पण ऊन चढलं आहे, समुद्र समोर दिसतो आहे आणि सरळ गेलं तर अर्धं अंतर वाचणार आहे. तुम्ही वाट सोडता.

वीस-पंचवीस पावलं काहीच होत नाही. तुम्हाला दिसत नाही एवढंच. तुम्ही ताडांच्या रांगेतून बाहेर पडलात तेव्हाच पुढच्या दगडांतून एक पक्षी मान खाली घालून, आवाज न करता, धावत निघून गेला आहे. बऱ्याच लांब जाऊन तो उडाला आणि मगच ओरडला. म्हणजे आवाज जिथून येतो तिथे अंडी नाहीत. ती कुठे आहेत हे तुम्हाला कळू नये, एवढ्यासाठी त्याने हे अंतर आधीच कापून ठेवलं आहे.

आणि मग आभाळच ओरडायला लागतं. टिटीव्-टिटीव्-टिटीव्, थांबायचं नावच नाही. पहिली टिटवी ताडाच्या उंचीवर चढते, तिथून तिरकी सुटते ती थेट तुमच्या डोळ्यांच्या रोखाने. काळी छाती, डोळ्यांपुढचा तांबडा मांसल पट्टा, टोकाला काळी असलेली लाल चोच, मागे ताणलेले पिवळे लांब पाय, हे सगळं तुम्हाला एका क्षणात दिसतं. आपण हात वर केला हे तुम्हाला नंतर कळतं. पंखांचा वारा कानाला लागतो आणि ती वळून वर जाते. तोवर दुसरी मागून आलेली असते. तुम्ही मान वळवता तेवढ्यात पहिली परत उंचीवर पोचलेली आहे.

त्या पक्ष्याचं वजन पावशेरही भरणार नाही. तुम्ही त्याच्या कित्येक पटींनी मोठे आहात आणि तरी मागे सरकलात. टिटवी सहसा अंगाला चोच लावत नाही, डोक्यावरून हातभर अंतर राखून वळते. पण माणसाला मागून येणाऱ्या गोष्टीची भीती वाटते, आणि दोघं मिळून तुमची एक बाजू कायम उघडी ठेवतात. नर-मादी दिसायला सारखीच, त्यामुळे कोण आई आणि कोण बाप हे तुम्हाला ओळखता येत नाही. राखण दोघांची आहे. अंड्यांवर बसायची पाळीही दोघांची असते.

तुम्ही जागीच उभे राहिलात तसा डाव बदलतो. एक टिटवी पन्नास पावलांवर जमिनीवर उतरते, एक पंख लोंबता सोडते आणि फरफटत चालायला लागते. जायबंदी पाखरू. तुम्ही चार पावलं तिच्याकडे टाकता, ती आणखी चार पावलं लंगडते. तुम्ही अंड्यांपासून पुरेसे लांब गेलात की तो पंख एकदम बरा होईल. मुंगूस किंवा कुत्रं याला भुलतं, कारण जखमी पक्षी म्हणजे त्यांना आयती शिकार.

आता उजवीकडे बघा. गावातली एक गाय चरत चरत माळावर आली आहे. तिच्यापुढे दुसरी टिटवी लंगडत नाही. गवत खाणाऱ्या जनावराला जखमी पक्ष्याचं काय? ही टिटवी गाईच्या तोंडासमोर उभी राहिली आहे, पंख पूर्ण उघडून, त्यांतला पांढरा पट्टा दाखवत. गाय नाक फुरफुरते, तसंच एक पाऊल पुढे येते. टिटवी हलत नाही. त्या खुरांखाली ती सहज चिरडली जाईल, तरी हलत नाही. शेवटी गाय मान वळवते आणि बाजूचं गवत खायला लागते. माणसाला घाबरवायचं, मुंगसाला फसवायचं, गाईला अडवायचं. समोर कोण आहे ते पाहून ती उपाय ठरवते. तिला नुसतं भित्रं आणि कलकलाट करणारं पाखरू म्हणणाऱ्याने हे बघायला हवं होतं.

"तिकरं नको जाव, बाबा. अंडी हान टिटवीची."

वाटेवर एक बाई उभी आहे. डोक्यावर टोपली, अंगात लाल चौकटीचं लुगडं. ती माळात येत नाही. तुमच्या पायांकडे बोट दाखवते. तुम्ही खाली बघता. दगड, माती, शेळीच्या लेंड्या. परत बघता. तुमच्या डाव्या पावलापासून दोन हातांवर एक उथळ खळगा आहे, त्याच्या कडेने बारके खडे मांडलेले, आणि आत चार अंडी. मातकट रंगावर काळपट डाग, निमुळती टोकं आतल्या बाजूला, चौघांनी डोकी एकत्र आणल्यासारखी. नजर जराशी हलवली की ती पुन्हा दगड होतात. तुम्ही मघाशी त्या जायबंदी पाखरामागे गेलात ते नेमके याच्यावरून की याच्या शेजारून, हे तुम्हाला आता सांगता येणार नाही.

तुम्ही वाकता. बाई आता जरा जोरात हाक मारते. तिला घाई आहे आणि त्या घाईला कारण आहे.

दुपार व्हायला आली आहे. खडक तापला आहे. या दिवसांत टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला कमी आणि सावली धरायला जास्त. ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं चांगली भिजवून घेते आणि ओल्या अंगाने येऊन बसते, म्हणजे अंडी गार राहतात. भर दुपारी जोडीदार येऊन तिची पाळी घेतो. हे सगळं अठ्ठावीस ते तीस दिवस चालतं. तुम्ही इथे उभे आहात तोवर दोघंही हवेत आहेत आणि चार अंडी वैशाखाच्या उन्हात उघडी पडली आहेत. तुमच्यावर केलेल्या प्रत्येक झेपेची किंमत ती अंडी मोजत आहेत. तुमचा हेतू चांगला आहे, तुम्हाला फक्त बघायचं आहे, हे उन्हाला कळत नाही.

आल्या पावलांनी परत फिरा. सरळ पुढे गेलात तर दुसरं घरटं पायाखाली येऊ शकतं. ज्या जागी पाय ठेवला होता तिथेच ठेवत मागे या. बाई तुम्ही वाटेवर येईपर्यंत थांबते, मग काही न बोलता गावाकडे निघते. टिटव्या आणखी थोडा वेळ ओरडतात. मग एक जण गप्प होतो, लांब कुठेतरी उतरतो आणि तुमच्याकडे पाठ करून, जणू काही कामच नाही अशा चालीने, थांबत थांबत अंड्यांकडे जायला लागतो.

ज्या 1900 साली तुम्ही इथे उभे आहात, त्याच साली एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचं मुंबईतल्या रोजच्या पक्ष्यांवरचं इंग्रजी पुस्तक बाहेर आलं. एटकिन जन्माने साताऱ्याचे, नोकरी सरकारच्या कस्टम आणि मीठ खात्यात. मीठ खात्याचा माणूस म्हणजे मिठागरं, खाड्या आणि त्यांच्या काठचे माळ, थोडक्यात टिटवीचाच मुलूख. 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत ते होते, आणि त्यांच्या बरोबरीने डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टरही होते. या दोघांची नावं आपण प्रार्थना समाजाच्या किंवा रखमाबाईंच्या संदर्भात घेतो. मुंबईच्या पक्ष्यांचा इतिहास सांगतानाही ती घ्यायला हवीत.

अजून मागे जाऊ. 1739. मनोरी, गोराई, उत्तन मिळून होणाऱ्या या धारावी बेटावर चिमाजी अप्पांची फौज आहे. बेटावरचा पोर्तुगीजांचा किल्ला पडतो, मे महिन्यात वसई पडते. लढाईचा शेवटचा जोर आला तो नेमका टिटवीच्या विणीच्या महिन्यांत. माळावरून पायदळ, घोडे, बैल जात आहेत आणि डोक्यावर तोच आवाज आहे. शिकाऱ्यांना टिटवीचा राग येतो तो उगाच नाही. दबा धरून बसलेला माणूस तिला दिसला की ती सगळ्या रानाला उठवते. रात्रीही तिचा डोळा लागलेला नसतो.

आणखी मागे, शके 1212, नेवासे. ज्ञानेश्वर गीतेचा अर्थ सांगायला बसले आहेत आणि पहिल्याच अध्यायात स्वतःला टिटवीची उपमा देतात: चोचीने समुद्र मापायला निघालेली टिटवी. ऐकणाऱ्यांना ती गोष्ट ठाऊक आहे. पंचतंत्रातली टिटवी किनाऱ्यावर अंडी घालते, समुद्र ती ओढून नेतो, आणि ती समुद्राशी भांडायला उभी राहते. सगळे पक्षी जमतात, गरुडापर्यंत आणि तिथून विष्णूपर्यंत बात जाते, समुद्राला अंडी परत द्यावी लागतात. आपल्याकडे यावरून म्हणच पडली: टिटवी देखील समुद्र आटविते. मला या गोष्टीचं मोल वाटतं ते तिच्या निरीक्षणासाठी. ज्याने ती पहिल्यांदा सांगितली, त्याने किनाऱ्यावर उघड्यावर मांडलेली अंडी पाहिली असणार आणि आपल्या डोक्यावर ती झेपही झेललेली असणार.

आता पुढे या. साल 1906-07. तुम्ही एका तबेल्यात, उभ्या करून ठेवलेल्या गाडीच्या आडोशाला आहात. शेजारी दहा वर्षांचा मुलगा बंदूक धरून बसला आहे. भिंतीतल्या भोकात चिमणी अंड्यांवर आहे आणि बाहेरच्या खिळ्यावर चिमणा पहाऱ्याला. मुलगा बार काढतो, चिमणा पडतो. थोड्या वेळात दुसरा चिमणा येऊन त्याच खिळ्यावर बसतो. तोही पडतो. सात दिवसांत त्या एका खिळ्यावरून आठ चिमणे पडले आणि प्रत्येक वेळी पहाऱ्याची जागा भरली गेली. मुलाने हे सगळं वहीत टिपून ठेवलं. त्याचं नाव सलीम अली. 1908 मध्ये पिवळ्या कंठाच्या एका चिमणीची ओळख विचारायला तो मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात जाऊन उभा राहिला आणि पुढचं आयुष्य ठरलं. 1930 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या घरट्यांसमोर ते तासन्‌तास बसले, तेव्हा मात्र हातात बंदूक नव्हती, आणि सुगरण नर एकामागून एक घरटी कशी बांधतो आणि माद्या ती कशा पारखतात हे त्यांना तसंच बसून कळलं. तबेल्यातल्या त्या टिपणाचं महत्त्व कमी करायचं कारण नाही. पण खिळ्यावर येऊन बसणारा नववा चिमणा मला विसरता येत नाही.

आणि आता आज. मनोरीच्या धक्क्यावर तुम्ही पुन्हा उतरता, या वेळी इंजिनाच्या आवाजात. घरांतली कित्येक अजून कौलारूच आहेत. बोंबील अजून सुकतात. माळाच्या काही भागांना कुंपणं पडली आहेत. शनिवार-रविवारी दुचाक्या वाट सोडून थेट वाळूपर्यंत जातात, माणसांमागे खरकटं येतं आणि खरकट्यामागे भटकी कुत्री. कावळे आणि घारीही वाढतात, आणि टिटवीची अंडी कावळे, घारी आणि मुंगूसच सगळ्यात जास्त पळवतात. मुंबईला पाणी कमी पडतं म्हणून महापालिकेने समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प आखला आहे तो इथेच, मनोरीला: रोज 20 कोटी लिटर, पुढे वाढवून 40 कोटी. शहराला पाणी हवं, याबद्दल वाद नाही. पण ज्या जमिनीला सरकारी कागदावर मोकळी म्हणतात, ती मोकळी नसते. वैशाखात तिथे चालून बघा.

टिटवी ही काही नामशेष व्हायला आलेली नाही. उघडी जमीन गेली तर ती गच्चीवरच्या खडीत अंडी घालते, रेल्वेच्या रुळांमधल्या खडीतसुद्धा घालते आणि गाडी आली की उठून बाजूला होते, गाडी गेली की परत बसते. म्हणूनच मुंबईच्या उपनगरांत तुमची तिच्याशी गाठ पडायची शक्यता बरीच आहे: एखाद्या मैदानाच्या कडेला, बांधकाम रखडलेल्या भूखंडावर, सोसायटीच्या गच्चीवर. कुणी म्हणतं टिटवी ओरडली म्हणजे अपशकुन. अपशकुन असलाच तर तो तिच्यासाठी, आणि तो तुमच्या पायांनी आलेला असतो. कुणी तिचा आवाज बंद व्हावा म्हणून दगड मारतं, कुणी अंडी उचलून 'सुरक्षित' ठिकाणी ठेवतं. दोन्ही करू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्याला धक्का लावणंही येतं. आणि अंडी लांब नेली की आई-बाप ती ओळखतीलच असं नाही. शेतातली घरटी वाचवायला जाणकारांनी अंडी थोडी थोडी करत सरकवली आहेत, पण ते पक्षी परत येऊन बसतो की नाही हे पाहत करायचं काम आहे.

पिल्लं बाहेर आली की त्यांना घरटं लागत नाही. अंगावरची ओल सुकली की ती चालायला लागतात. आई-बापांनी इशारा दिला की जिथे असतील तिथे जमिनीला चिकटून गप्प पडून राहतात. त्या क्षणी तुम्ही माळात असाल तर अंड्यांपेक्षाही पिल्लू पायाखाली यायचा धोका जास्त. त्याला 'हरवलेलं' समजून घरी आणू नका. ते हरवलेलं नसतं, त्याचे आई-बाप तुमच्या डोक्यावरच ओरडत असतात.

मार्च ते ऑगस्टमध्ये, आणि विशेषतः पावसाच्या आधीच्या दोन महिन्यांत, मनोरीला किंवा कुठल्याही माळावर जाल तेव्हा वाट सोडू नका आणि कुत्रा बरोबर असेल तर साखळीला ठेवा. टिटवी डोक्यावर आली तर घाबरू नका, हात किंवा काठी फिरवू नका, फोन काढून उभे राहू नका. पायांकडे बघत आल्या पावलांनी मागे या आणि लवकर या, कारण तिला तुमच्याशी भांडायचं नाही, अंड्यांवर सावली धरायला परत जायचं आहे. आणि वाटेवर दुसरं कुणी येत असेल तर त्यालाही थांबवून सांगा की पुढे टिटवीची अंडी आहेत.